वणवा विझवणारे कैदी आणि त्यांची भेट: कॅलिफोर्नियातल्या फायर कॅम्पविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात वणवा पेटला की बातम्यांत नारिंगी कपड्यांतली माणसं डोंगरउतारावर एका रांगेत चढताना दिसतात. ती राज्याच्या तुरुंगात शिक्षा भोगणारी माणसं असतात. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगी भडकल्या, तेव्हा अशा हजाराहून अधिक कैद्यांना कामाला लावलं होतं. त्यानंतर इथल्या मराठी मंडळींनीही बरंच काही विचारलं. काहींना नुसतं कुतूहल होतं, तर काहींचं कोणीतरी खरोखरच आत होतं. दुसऱ्या गटातल्या वाचकांना घाई असेल तर त्यांनी सुरुवातीचे प्रश्न सोडून सरळ भेटीच्या भागाकडे जावं.

फायर कॅम्प म्हणजे तुरुंगच ना?

कागदोपत्री हो. कॅम्पमधला माणूस राज्याच्या कारागृह विभागाच्या, म्हणजे सीडीसीआरच्याच ताब्यात असतो. दिवसातून अनेकदा मोजणी होते आणि परवानगीशिवाय हद्द ओलांडली तर तो पलायनाचा गुन्हा धरला जातो. मात्र तिथे उंच भिंत, विजेचं कुंपण, बंदूकधारी मनोरे यांतलं काही नसतं. जंगलाच्या कडेला किंवा डोंगरात बराकी, स्वयंपाकघर, अवजारांची शेड, व्यायामाची जागा आणि गाड्यांचा तळ, इतकाच पसारा.

हे कॅम्प कारागृह विभाग आणि राज्याचं वन व अग्निशमन खातं कॅल फायर मिळून चालवतात. लॉस एंजेलिस काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) कॅम्पांत कॅल फायरच्या जागी काउंटीचं अग्निशमन दल असतं. राज्यभर असे सुमारे ३५ कॅम्प आहेत. त्यांचं अधिकृत नाव 'कॉन्झर्वेशन कॅम्प', पण आतले आणि बाहेरचे सगळे 'फायर कॅम्प'च म्हणतात. प्रत्येकाला क्रमांक असतो. मालिबूचा १३ क्रमांकाचा कॅम्प स्त्रियांचा आहे, बहुतेक बाकीचे पुरुषांचे. अल्पवयीनांच्या कोठडीतून आलेल्या तरुणांसाठी अमाडोर काउंटीत पाइन ग्रोव्ह हा वेगळा कॅम्प आहे.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण हवं असेल तर खुलं कारागृह आठवा. औंध संस्थानानं आटपाडीजवळ १९३९ मध्ये सुरू केलेली स्वतंत्रपूरची वसाहत भिंतीशिवायच चालली. साम्य तेवढंच. स्वतंत्रपुरात शेती होती, इथे आगीशी गाठ आहे.

ही पद्धत सुरू कधी झाली?

कैद्यांकडून रस्ते बांधून घेण्याचे कॅम्प कॅलिफोर्नियात १९१५ पासून होते. दुसऱ्या महायुद्धात वनखात्याची तरणी माणसं सैन्यात गेली आणि वणव्यांसाठी हात कमी पडले, तेव्हा ती जागा कैद्यांनी भरली. पहिला कायमस्वरूपी कॅम्प १९४६ मध्ये सॅन दिएगो काउंटीत रेनबो इथे उघडला. १९८३ मध्ये तोच स्त्रियांचा कॅम्प झाला.

पुढे ही व्यवस्था इतकी मुरली की राज्याच्या हँड क्रूंचा, म्हणजे हातातल्या अवजारांनी वणवा अडवणाऱ्या तुकड्यांचा, मोठा हिस्सा कैद्यांचाच होता. मग तुरुंगांतली गर्दी कमी करणारे कायदे आले, कमी गंभीर गुन्ह्यांचे कैदी राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटीकडे राहू लागले, कोविडच्या काळात अनेकांची लवकर सुटका झाली. कॅम्पला चालतील अशी माणसंच उरेनात, म्हणून २०२० मध्ये आठ कॅम्प बंद केले. पूर्वी ४,००० च्या आसपास असलेली संख्या आता त्याच्या निम्म्याहूनही खाली आली आहे, आणि त्यातही सगळे आगीवर जात नाहीत. कोणी स्वयंपाकी असतो, कोणी मेकॅनिक, कोणी पाण्याच्या प्लँटवर.

कोणालाही तिथे जाता येतं का? की जबरदस्तीनं पाठवतात?

जबरदस्ती नाही, अर्ज करावा लागतो. कारागृह विभागानं माणसाला सर्वांत कमी सुरक्षा-श्रेणीत ठेवलेलं असावं लागतं. शिक्षेची ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वर्षं उरलेली असावी लागतात (ही मर्यादा पूर्वी पाच वर्षं होती, नंतर आठ केली). तब्येत धडधाकट हवी. जाळपोळ किंवा लैंगिक गुन्ह्याची शिक्षा असेल, बळ वापरून पळून जाण्याचा इतिहास असेल किंवा जन्मठेप असेल तर अर्जाचा उपयोग नाही. 'हिंसक' म्हणून नोंदलेल्या काही गुन्ह्यांतले कैदी मात्र श्रेणी खाली आल्यावर पात्र ठरू शकतात. त्यामुळे 'तिथे फक्त किरकोळ चोर असतात' हा समज चुकीचा आहे.

अग्निशमनाचं शिक्षण तरी देतात का?

देतात. कॅल फायरच्या हंगामी जवानांना जे प्राथमिक प्रशिक्षण मिळतं, तेच: आधी शारीरिक तयारी, मग वर्गातला भाग, मग मैदानातला. जेम्सटाउनचं सिएरा कॉन्झर्वेशन सेंटर हे त्याचं मोठं केंद्र. वजन पाठीवर घेऊन चढण चढण्याची परीक्षा असते आणि तिच्यात बरेच जण गळतात.

ते आगीवर नेमकं काय करतात? पाण्याचे पाइप धरतात का?

सहसा नाही. त्यांचं मुख्य काम जाळरेषा काढण्याचं. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी डोंगरावर जाळरेषा मारतं, तेच काम इथे आग समोर असताना, घाईनं आणि रात्रीबेरात्री करायचं असतं. आगीच्या वाटेतलं गवत, झुडपं, मुळं आणि पालापाचोळा काढून खाली निव्वळ माती उघडी करायची, म्हणजे आगीला पुढे सरकायला खाद्य उरत नाही.

एका क्रूमध्ये साधारण १२ ते १७ जण असतात. सर्वांत पुढे चेनसॉवाला, त्याच्यामागे कापलेली झुडपं ओढून बाजूला फेकणारा, मग पुलास्कीवाले आणि शेवटी मॅक्लाउडवाले. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं अवजार. मॅक्लाउडला एका बाजूला दाताळं आणि दुसऱ्या बाजूला रुंद फावड्यासारखं पातं असतं. पहिला वाट उघडतो आणि शेवटचा ती खरवडून साफ करतो. अंगावर जाड अग्निरोधक नारिंगी कपडे, हेल्मेट आणि पाठीवर पाणी व आगीत अडकल्यास अंगावर ओढून घ्यायचा घडीचा तंबू. कॅल फायरचे पगारी जवान पिवळ्या कपड्यांत असतात. रंग एवढ्याचसाठी वेगळा, की कैदी कोण ते लांबून कळावं.

पाळी सहसा २४ तास काम आणि २४ तास विश्रांती अशी असते. आगीवर क्रूचा म्होरक्या कॅल फायरचा किंवा काउंटीचा कॅप्टन असतो, तुरुंगाचा पहारेकरी नाही. कारागृहाचे कर्मचारी तळावर मोजणी आणि देखरेख करतात. मोठ्या आगीच्या तळावर हजारो जवानांचं जेवण रांधणाऱ्या फिरत्या स्वयंपाकघरांतही हेच कैदी राबतात. बातम्यांच्या कॅमेऱ्यात ते कधी येत नाहीत.

आग नसते तेव्हा सुट्टी असते असं मुळीच नाही. पुराच्या वेळी वाळूच्या गोण्या भरणं, रस्त्याकडेचं गवत काढणं, उद्यानांतल्या पायवाटा दुरुस्त करणं, पुढच्या वणव्याला खाद्य होईल अशी झुडपं आधीच छाटणं, हे आठवडाभर चालूच असतं.

जीव जाण्याइतका धोका आहे का?

आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मालिबूजवळच्या आगीत वरून दगड घसरून कॅम्पमधली २२ वर्षांची एक तरुणी दगावली. तिच्या सुटकेला फार दिवस उरले नव्हते. २०१७ मध्येही वेगवेगळ्या अपघातांत कॅम्पमधल्या पुरुषांचे मृत्यू झाले. उंचावरून पडणारं झाड, निसटता दगड, चेनसॉ, उन्हाचा झटका आणि धूर ही ज्वाळांपेक्षा जास्त वेळा घात करणारी कारणं आहेत. हँड क्रूचं काम मुळातच अंगमेहनतीचं, त्यामुळे कापणं-मोडणं जास्त.

घरच्यांनी एक गोष्ट माणसाला भेटीत जरूर विचारावी: दमा, गुडघा, पाठ यांची तक्रार तो लपवतो आहे का? तक्रार सांगितली तर परत तुरुंगात पाठवतील या भीतीनं अनेक जण गप्प राहतात.

पगार किती मिळतो?

वर्षानुवर्षं अगदी नगण्य. २०२४ मध्ये दर दुप्पट केल्यावरसुद्धा कौशल्यानुसार दिवसाला ५.८० ते १०.२४ डॉलर पडत होते. प्रत्यक्ष आगीवर असताना वर तासाला एक डॉलर. दिवसाला, तासाला नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्याला नेहमी चूक वाटते.

लॉस एंजेलिसच्या आगींनंतर यावर गदारोळ झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी एबी २४७ या विधेयकावर सही केली. त्यानुसार चालू आगीवरच्या कामासाठी तासाला ७.२५ डॉलर, म्हणजे संघराज्याचं किमान वेतन. कॅलिफोर्नियाचं स्वतःचं किमान वेतन याच्या दुपटीहून जास्त आहे, पण एका डॉलरवरून ही मोठीच झेप. आग नसतानाच्या कामाला जुनाच दिवसाचा दर.

कोर्टानं भरपाई किंवा दंड लावला असेल तर कैद्याच्या खात्यात येणाऱ्या रकमेतून निम्म्यापर्यंत कपात होते. ती त्याच्या कमाईतून होते तशी तुम्ही पाठवलेल्या पैशांतूनही होते. शंभर पाठवले आणि त्याला पन्नासच मिळाले, तर मधे कोणी खाल्ले असं समजू नका.

मग लोक जातात कशाला?

शिक्षेत मिळणाऱ्या सवलतीसाठी, प्रामुख्यानं. आगीवर काम करणाऱ्या बहुतेकांना भोगलेल्या प्रत्येक दिवसामागे आणखी दोन दिवस कमी होतात. कॅम्पमधल्या इतर कामांवर असलेल्यांना दिवसामागे एक. चार वर्षांच्या शिक्षेत हा फरक किती पडतो ते घरचे बोटांवर मोजतात. गुन्ह्याच्या प्रकारानुसार काही जणांना ही सूट पूर्ण मिळत नाही. त्यामुळे सुटकेची तारीख स्वतः काढू नका, त्याच्या कौन्सेलरनं (त्याची फाइल सांभाळणाऱ्या तुरुंग-कर्मचाऱ्यानं) दिलेली तारीखच धरा.

दुसरं कारण हवा. मोठ्या तुरुंगाच्या बराकीत टोळ्या, वंशानुसार पडलेले गट, सतत लागणारा लॉकडाउन. कॅम्पमध्ये झाडं आहेत, जेवण बरं आहे आणि रस्त्यानं जाताना लोक 'थँक यू' लिहिलेले फलक धरून उभे असतात. हे शेवटचं कारण मी आधी भावनिक समजत होतो, पण कॅम्पमधून आलेले लोक त्याविषयी इतक्या वेळा बोलतात की ते सोडता येत नाही.

ही वेठबिगारीच नाही का?

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या घटनेतल्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी संपवली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम हा अपवाद ठेवला. कॅलिफोर्नियाच्या घटनेतही तसाच अपवाद आहे. तो काढण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रपोझिशन ६ मतदानाला आलं आणि मतदारांनी ते नाकारलं. दोनच महिन्यांनी त्याच राज्याची घरं वाचवायला कैदी डोंगरावर होते.

माझं मत विचाराल तर कॅम्प ऐच्छिक आहे हे खरं, आणि ती निवड समान पर्यायांमधली नाही हेही खरं. एका बाजूला बंद बराक आणि लांबलचक शिक्षा असेल तर दुसऱ्या बाजूच्या 'स्वेच्छे'ला फार वजन देता येत नाही. तरीही तिथे जाऊन आलेल्यांपैकी पुष्कळजण 'कॅम्प बंद करा' म्हणत नाहीत. पगार द्या आणि सुटल्यावर नोकरी द्या, एवढंच ते म्हणतात. कॅम्पच्या बाजूनं किंवा विरोधात बोलणाऱ्यांनी आधी त्यांचं ऐकावं.

## भेटीविषयी

आपला माणूस कोणत्या कॅम्पात आहे हे कसं कळेल?

कारागृह विभागाच्या संकेतस्थळावर नाव किंवा सीडीसीआर क्रमांक टाकून शोध घेता येतो. हा क्रमांक पाठच करून ठेवा. पत्र, पैसे, फोन, भेट, सगळीकडे तोच लागतो. बदली झाल्यावर संकेतस्थळावर नवी जागा दिसायला थोडा वेळ जातो.

कॅम्प राज्यभर विखुरलेले आहेत. बे एरियातल्या कुटुंबाला सुइसनजवळचा डेल्टा किंवा सांताक्रूझच्या डोंगरातला बेन लोमंड सोयीचा, लॉस एंजेलिसवाल्यांना मालिबू, ॲक्टन किंवा फेनर कॅन्यन. पण सुझनव्हिलजवळचा अँटेलोप किंवा बिशपजवळचा ओवेन्स व्हॅली वाट्याला आला तर मुक्कामाचीच तयारी करावी लागते.

भेटीची परवानगी कशी काढायची?

सरळ जाऊन फाटकावर उभं राहिलं तर भेट मिळत नाही. आधी मंजुरी. त्यासाठीचा फॉर्म १०६ तुरुंगातला माणूसच सही करून तुम्हाला पोस्टानं पाठवतो. म्हणजे सुरुवात त्याच्या बाजूनं व्हावी लागते. तुम्ही तो भरून परत पाठवता, मग पार्श्वभूमी तपासली जाते. महिनाभर धरून चाला, जास्तही लागू शकतो. मंजूर झालं की त्याला आत कळवतात आणि तो तुम्हाला सांगतो. पुढे त्याची बदली दुसऱ्या कॅम्पला झाली तरी साधारणपणे पुन्हा पहिल्यापासून अर्ज करावा लागत नाही.

घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा अर्ज वेगळा. नवराबायको मिळून एक चालत नाही.

अर्ज सहसा कशामुळे फेटाळला जातो?

लपवल्यामुळे. फॉर्ममध्ये अटकांविषयी विचारतात. फक्त शिक्षा झालेल्या नव्हे, तर अटक झालेल्या सगळ्याच. पंधरा वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडलं होतं, पुढे काही झालं नाही, म्हणून तुम्ही लिहिलं नाही, आणि तपासणीत ते निघालं, तर नकार त्या अटकेसाठी येत नाही, न लिहिल्यासाठी येतो. आपल्या लोकांना 'चार लोकांत नाव' याची काळजी जास्त, त्यामुळे ही चूक आपल्यात खूप होते. फॉर्म वाचणाऱ्या कारकुनाला तुमच्या कॉलनीतलं कोणी ओळखत नाही. सगळं लिहा.

स्वतः प्रोबेशन किंवा पॅरोलवर (इथे त्याचा अर्थ तुरुंगाबाहेर, पण सरकारी देखरेखीखाली) असाल किंवा पूर्वी तुरुंगात राहिला असाल तर आगाऊ लेखी परवानगी लागते. नकार आला तर पत्रात कारण दिलेलं असतं आणि अपील करता येतं.

भेट कोणत्या दिवशी असते?

शनिवारी, रविवारी आणि काही सरकारी सुट्ट्यांना. वेळा आणि नोंदणीची पद्धत प्रत्येक कॅम्पची वेगळी. मोठ्या तुरुंगांसाठी असलेली ऑनलाइन नोंदणी सगळ्या कॅम्पांना लागू आहे असं धरून चालू नका. कॅम्पला फोन करा.

आणि त्याच दिवशी आग लागली तर?

मग भेट नाही, आणि फायर कॅम्पच्या भेटीतली सर्वांत मोठी अडचण हीच.

क्रूला निघण्याचा हुकूम आला की काही मिनिटांत गाडी फाटकाबाहेर असते. घरच्यांना कळवायला वेळ नसतो. कधी क्रू दोन दिवसांत परततो, कधी राज्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आठवडेच्या आठवडे तिकडेच राहतो. आगीच्या तळावर भेटायला जाता येत नाही. कितीही जवळ असलात, पत्ता ठाऊक असला तरी जाऊ नका. तिथे तुमच्यामुळे त्याच्यावर कारवाई होऊ शकते.

म्हणून निघण्याआधी, आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे, कॅम्पला फोन करून एकच विचारा: त्याचा क्रू कॅम्पातच आहे का? सुरक्षेमुळे ते कुठे गेलाय हे सांगणार नाहीत, पण भेट होईल की नाही हे सांगतात. लाल झेंड्याचा इशारा असेल, म्हणजे हवामान खात्यानं जोराचे वारे आणि कोरडी हवा जाहीर केली असेल, तर लांबचा प्रवास ठरवूच नका. दक्षिणेत सांता ॲना वारे शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला सुटतात. लॉस एंजेलिसच्या आगी ७ जानेवारीला लागल्या होत्या, तेव्हा 'हिवाळ्यात निवांत' हा हिशेबही आता चालत नाही. त्यातल्या त्यात उत्तरेकडच्या कॅम्पांना पाऊस पडून गेल्यावरचे, जानेवारी ते एप्रिलचे महिने बरे. परत न मिळणाऱ्या पैशांचं हॉटेल घेऊ नका.

आगीवरून नुकताच परतलेला माणूस भेटीत पेंगतो. रागावू नका.

कपडे कोणते घालावेत?

कैद्यांच्या किंवा पहारेकऱ्यांच्या कपड्यांसारखे दिसतील असे नकोत. निळी जीन्स आणि निळा शर्ट, नारिंगी कपडे, गडद हिरव्या पँटवर खाकी शर्ट, लष्करी छापाचे कपडे, हे सगळं टाळा. आखूड, पारदर्शक, बाह्या किंवा पट्टे नसलेलं, पोट उघडं दिसेल असंही नको.

या शेवटच्या नियमात साडी अडकते. साडीवर बंदी नाही, पण पोट-पाठ उघडी दिसते म्हणून कोणी अडवलं तर वाद घालण्यात सकाळ जाईल. आईला किंवा आजीला साडीच हवी असेल तर लांब ब्लाउज आणि वर स्वेटर. सोपा उपाय पंजाबी ड्रेस, निळा-नारिंगी सोडून. धातूशोधक यंत्रातून जावं लागतं, म्हणून दागिने कमीत कमी, तारेचे अंतर्वस्त्र नको. गाडीत एक जादा जोड ठेवाच.

बरोबर काय नेता येतं? घरचा डबा?

ओळखपत्र (चालक परवाना किंवा पासपोर्ट, मुदत न संपलेला), गाडीची किल्ली, पारदर्शक पिशवीत थोडे सुटे पैसे, मोजके फोटो. बाळ असेल तर डायपर आणि दुधाच्या बाटल्या, त्याही मर्यादित. औषध अत्यावश्यक असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि आधी विचारून.

फोन गाडीत राहू द्या. तंबाखू, गुटखा, दारू, कोणत्याही प्रकारचा गांजा मात्र गाडीतसुद्धा नको. कॅलिफोर्नियात गांजा कायदेशीर आहे, तुरुंगाच्या आवारात नाही, आणि आवारात आलेली गाडी तपासण्याचा त्यांना अधिकार आहे. कोणाच्या जुन्या जॅकेटच्या खिशात राहिलेली पुडी पुढच्या अनेक महिन्यांच्या भेटी घालवू शकते.

डब्याचं उत्तर कॅम्पनिहाय वेगळं. बाहेरचं अन्न चालेल का, शिजवलेलं की सीलबंद, हे फोनवर विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्या. विचारल्याशिवाय पुरणपोळ्या केल्या तर त्या पार्किंगमध्ये तुम्हालाच खाव्या लागतील.

मुलांना नेता येतं का?

येतं, आणि मुलांसाठी कॅम्पची भेट तुरुंगाच्या भेटीपेक्षा कितीतरी सुसह्य असते. मुलाचा मूळ किंवा प्रमाणित जन्मदाखला लागतो. भारतात जन्मलेल्या मुलाचा दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी प्रत काढून ठेवा. बरोबरचा प्रौढ आई, वडील किंवा कायदेशीर पालक नसेल, समजा काका नेतोय, तर पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र हवं. मुलांची नावं आधी फॉर्मवर आलेली असावीत.

भेटीत काच मध्ये असते का?

नाही. बाहेर झाडाखालची लाकडी टेबलं किंवा एखादी साधी खोली. आल्या-गेल्या वेळी मिठी मारता येते, हात धरता येतो, लहान मूल मांडीवर बसू शकतं. पहारेकरी लांबून पाहत असतो. काही ठिकाणी जवळच्या कुटुंबाला एक-दोन रात्री स्वतंत्र खोलीत राहण्याची 'फॅमिली व्हिजिट'ही मिळते. त्यासाठी वेगळा अर्ज असतो आणि जोडीदार, आई-वडील, मुलं, भावंडं एवढ्यांनाच ती लागू आहे. मैत्रीण किंवा वाग्दत्त वधू त्यात बसत नाही.

फोन आणि पत्रं?

जानेवारी २०२३ पासून कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांतून केलेले फोन मोफत आहेत, पैसे कैद्यालाही पडत नाहीत आणि तुम्हालाही. फोन तोच करतो, तुम्ही लावू शकत नाही. संभाषण ध्वनिमुद्रित होतं, मराठीत बोललात तरी. खटला किंवा अपील चालू असेल तर त्याविषयी फोनवर बोलू नका.

पत्रावर त्याचं नाव, क्रमांक आणि कॅम्पचं नाव लिहा. मराठीत लिहायला हरकत नाही, फक्त तपासणीत थोडा उशीर होऊ शकतो. वस्तू घरून पाठवता येत नाहीत, मान्यताप्राप्त विक्रेत्यांकडूनच पार्सल जातं.

मोठी आग चालू आहे आणि चार दिवस फोन नाही. कोणाला विचारायचं?

कॅम्पच्या कार्यालयाला. आगीवरच्या क्रूला फोनची सोय क्वचितच असते, त्यामुळे फोन न येणं म्हणजे काही बरंवाईट झालं असं नाही. गंभीर इजा झाली तर विभाग त्यानं नोंदवलेल्या नातेवाइकाला कळवतो. म्हणूनच ते नाव आणि नंबर अद्ययावत आहेत ना, हे भेटीत विचारून घ्या. अनेकांच्या नोंदीत अटकेच्या वेळचा, आता बंद पडलेला नंबर असतो.

आई-वडील भारतात आहेत. त्यांना भेट मिळेल?

मिळू शकते, पण सगळं उलट्या क्रमानं आखा. फॉर्म १०६ भारतात पोचायला, भरून यायला आणि मंजूर व्हायला काही महिने लागू शकतात. त्यानंतर तिकीट काढा. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट आणि त्यावरचा व्हिसा. त्यांचा मुक्काम किमान काही शनिवार-रविवार येतील असा ठेवा, म्हणजे एखादी आग मध्ये आली तरी दुसरी संधी उरते. फोनची वेळ ठरवताना लक्षात असू द्या, उन्हाळ्यात भारत साडेबारा तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेतेरा.

## सुटल्यानंतर

सुटल्यावर अग्निशमन दलात नोकरी मिळते का?

पूर्वी हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा विनोद होता: कैदेत असताना आग विझवायला चालतो, सुटल्यावर चालत नाही. पालिका आणि काउंटीच्या बहुतेक दलांना ईएमटीचं, म्हणजे तातडीच्या वैद्यकीय मदतीचं, प्रमाणपत्र लागतं आणि गुन्ह्याच्या नोंदीमुळे ते वर्षानुवर्षं अडायचं.

सप्टेंबर २०२० मध्ये एबी २१४७ हा कायदा झाला. कॅम्पमध्ये चांगलं काम केलेल्या माणसाला सुटल्यावर कोर्टात अर्ज करून शिक्षेची नोंद रद्द करून घेता येते, आणि कोर्ट पॅरोलही लवकर संपवू शकतं. खून, अपहरण, बलात्कार, जाळपोळ अशा गुन्ह्यांना तो लागू नाही. नोंद आपोआप पुसली जात नाही, अर्ज करावाच लागतो आणि निर्णय न्यायाधीशाचा. कॅम्प सोडताना प्रशिक्षणाचे दाखले आणि कामाचा तपशील मागून घ्यावा, नंतर ते मिळवणं जिकिरीचं होतं.

कॅल फायरच्या हंगामी जागांना आणि संघराज्याच्या वनसेवेच्या क्रूंना ईएमटीची अट नसते, त्यामुळे पहिली नोकरी बहुधा तिथे मिळते. कॅमारिलो इथे २०१८ पासून व्हेंचुरा ट्रेनिंग सेंटर चालतं. कॅम्पमधून पॅरोलवर आलेल्यांना तिथे १८ महिने राहून पुढचं प्रशिक्षण घेता येतं.

तो अमेरिकी नागरिक नाही, ग्रीन कार्डवर आहे. कॅम्पच्या कामाचा उपयोग होईल ना?

शिक्षा कमी होण्यापुरता होईल. इमिग्रेशनसाठी फारसा नाही, आणि इथे लोक फार उशिरा जागे होतात. राज्याच्या कोर्टानं एबी २१४७ खाली नोंद रद्द केली तरी संघराज्याचा इमिग्रेशन कायदा ती शिक्षा झालेलीच धरतो. २०२० मध्ये कॅम्पमध्ये काम केलेल्या, लहानपणी निर्वासित म्हणून आलेल्या पुरुषांना सुटकेच्या दिवशीच इमिग्रेशन खात्याच्या ताब्यात दिल्याची उदाहरणं गाजली होती. घरचे न्यायला आलेले होते.

त्यामुळे सुटकेच्या तारखेआधी किमान सहा महिने दोन गोष्टी करा. इमिग्रेशन खात्यानं त्याच्यावर 'होल्ड' (सुटताच आमच्या ताब्यात द्या, अशी मागणी) टाकला आहे का हे त्याच्या कौन्सेलरकडून विचारून घ्यायला त्याला सांगा. आणि फौजदारी शिक्षांचे इमिग्रेशनवरचे परिणाम जाणणारा वकील गाठा. एच-१बीची कागदपत्रं करून देणारा तुमचा नेहमीचा वकील या कामाचा नाही. मूळ खटल्यात आरोपीला देशाबाहेर घालवण्याच्या शक्यतेची कल्पना दिली नव्हती, असं दिसलं तर कॅलिफोर्नियात ती शिक्षाच उलटवण्याचा अर्ज करता येतो. यासाठीचा मुख्य अर्ज मात्र फौजदारी कैदेतून बाहेर पडल्यावरच करता येतो, त्यामुळे तो आत असताना कोणता मार्ग आहे ते वकिलाला विचारा.